बाळंतिणीची झोप



चंदगडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. एकदा लागला की बाळाची दुपटी चुलीच्या वर दोरी बांधून वाळवावी लागतात. अशाच पावसात माझ्या घरी नातू झाला. मुलगा गोव्यात नोकरीला. आमच्याकडची बरीच पोरं तिकडेच पोट भरतात. चाळीस दिवस व्हायच्या आतच सून बोलेनाशी झाली. मूल रडलं तरी जागची हलेना. बायकोने दृष्ट काढली, कुणी ताईत सुचवला. आणि मी? 'आई' या विषयावर माझ्या आठ कविता छापून आल्या आहेत. मी पडवीत बसून नववी लिहीत होतो.

आमच्या गल्लीत काही ख्रिस्ती घरं आहेत, घरात कोकणी बोलणारी. त्यांच्या बायकांचं मंडळ आहे. रविवारी मिस्सा आटोपली की बसतात. प्रार्थना होते, मूठ-मूठ तांदूळ जमतो, मग कुणाचा नवरा पितो, कुणाची सासू अंथरुणाला खिळली, कुणाच्या मुलीची फी राहिली, हे सगळं निघतं. खरं सांगतो, मी याला चहाड्या समजत होतो.

त्यातल्या दोघी एका दुपारी आल्या. थोरलीला आम्ही मावशी म्हणतो. तिने सुनेला न्हाऊ घातलं, पेज भरवली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मास्तर, हिला ताईत नको, झोप हवी. आणि डॉक्टर. आमच्यातल्या एकीचं असंच झालेलं." (मी शाळेत कारकून होतो, कवितांमुळे गाव मास्तर म्हणतं.)

पुढचे पंधरा दिवस त्यांनी पाळ्या लावल्या. रात्री मूल एकीच्या मांडीवर, सून निजलेली. बाळंतपणानंतर मनाचा असा आजार होतो, ती बाधा नव्हे, हे डॉक्टरांनी समजावलं, गोळ्या दिल्या. मुलाला फोन मावशीनेच केला, "दोन दिवस नको, महिनाभर ये." तो आला. मगरिबची अजान झाली की मावशी माझ्या बायकोला म्हणे, "भाभी, तुम्ही नमाज आटपा, मी आहे पोराजवळ."

पुढे वाचनात आलं, की १८७६ साली इंग्लंडमधल्या एका खेड्यात मेरी समनर या पाद्र्याच्या बायकोने आयांचा संघ काढला, 'मदर्स युनियन'. तिची लेक आई झाली, तेव्हा आपण स्वतः पहिल्या खेपेला किती भांबावलो होतो, ते तिला आठवलं. पहिल्या बैठकीत तर तिला बोलायचा धीरच झाला नाही. बायकांना पुढच्या आठवड्यात यायला सांगून घरी पाठवलं. आमच्या मावशीचं मंडळ त्या संघाचं नव्हे, त्या कॅथलिक. पण "आमच्यातल्या एकीचं असंच झालेलं" हे वाक्य तिथंही कुणी तरी म्हटलंच असेल.

मागच्या महिन्यात पलीकडच्या आळीतल्या एका बाळंतिणीकडे मावशीने माझ्या सुनेला सोबत नेलं. परतायला रात्रीचे अकरा वाजले. मी विचारलं, "काय केलंत एवढा वेळ?"

"काही नाही अब्बा," ती चपला काढत म्हणाली, "मूल घेऊन बसले. ती झोपली."