स्वभावाला औषध असते का?



‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण लग्न जुळवताना, नोकर ठेवताना, मुलावर चिडताना आपल्या तोंडी हमखास येते. मानसशास्त्राने गेली शंभरहून अधिक वर्षे जणू याच म्हणीची झाडाझडती घेतली आहे. ती आज आपल्याच भागातल्या एका माणसावर घासून पाहू.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे. जन्म १९१४, हिंगणघाटचा. जमीनदाराचा मुलगा, वकील, शिकारीचा शौकीन. रेल्वेत एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते भिडले, म्हणून गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले. हेच बाबा वरोऱ्यात सफाईचे काम करत असताना पावसात पडलेल्या तुळशीरामला पाहून पळाले. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडली होती, जखमांत अळ्या वळवळत होत्या. त्या पळण्याने बाबांना चैन पडेना. ते परत आले आणि तुळशीरामची शेवटपर्यंत शुश्रूषा केली.

सांगा, बाबा निर्भय होते की भित्रे?

फ्रॉइड म्हणाले असते, उत्तर मनाच्या तळघरात शोधा. १९२३ मध्ये त्यांनी मनाचे तीन भाग मांडले : वासना, व्यवहार पाहणारा अहं आणि टोचणी लावणारा पराहं. पळवले ते भीतीने, परत आणले ते टोचणीने. गॉर्डन ऑलपोर्ट यांची वाट वेगळी. १९३६ मध्ये त्यांनी ऑडबर्ट यांच्यासह इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. त्या वाटेवर पुढे पाच गुणांची मोजपट्टी तयार झाली : नव्याविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. हे गुण बऱ्यापैकी टिकाऊ असतात. जुळ्यांच्या अभ्यासांत त्यांतल्या फरकांचा साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेकडे जातो. म्हणजे आपल्या म्हणीत तथ्य आहे, पण अर्धेच.

उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवले वॉल्टर मिशेल यांनी, १९६८ मध्ये. एकच माणूस प्रसंग बदलला की वेगळा वागतो, असे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. सोजिरांसमोरचे बाबा आणि तुळशीरामसमोरचे बाबा, दोन्ही खरे.

आणि भीती घालवता येते का? अल्बर्ट बांदुरा यांनी सापाला घाबरणारी माणसे घेतली. आधी दुसऱ्याला साप हाताळताना दाखवले, मग सोबतीने स्पर्श करवला, शेवटी एकट्याने धरायला लावले. सापाची भीती गेलीच, पण इतर भीतीही ओसरल्या. ‘मला हे जमते’ हा विश्वास हाताने केलेल्या कामातून येतो, हा त्यांचा १९७७ चा सिद्धांत. बाबांनी हेच केले. तुळशीरामची सेवा केली, कलकत्त्यात कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले, प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात रोगाचे जंतूही टोचून घेतले.

मग कुष्ठरुग्णांसाठी बाबांचे आनंदवन उभे राहिले : सहा रुग्ण, एक लंगडी गाय, चौदा रुपये. शरीरातल्या उणिवेची भरपाई करण्याची माणसाची धडपडच त्याचे व्यक्तिमत्त्व घडवते, असे आल्फ्रेड आडलर यांचे म्हणणे. भीक मागण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते, त्यांनी झडलेल्या बोटांनी विहीर खणली, शेती पिकवली. पण वरोऱ्यात त्यांची भाजी आधी कोणी घेईना. परदेशी स्वयंसेवक येऊन त्यांच्यासोबत राबले, जेवले, तेव्हा गावाची नजर निवळली. माणूस बदलायला त्याच्या कामाइतकीच भोवतालची नजरही बदलावी लागते.

आता गडचिरोलीकडे वळू, पण बोलिव्हियामार्गे. २०१३ मध्ये मायकेल गर्वेन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जंगलात शेती-शिकारीवर जगणाऱ्या चिमाने लोकांत पाच गुणांची पट्टी लावून पाहिली. ती बसली नाही. पुढे आले ते दोनच गुण : इतरांच्या उपयोगी पडणे आणि कामसूपणा. शहरांत, कॉलेजांत घडलेली मोजमापे सगळ्या जगाला लागू पडतील, हा भरवसा तिथे डळमळला.

गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया आदिवासी मुलाकडे पाहताना हे ध्यानात असू द्या. घरी माडिया बोलणारे पोर मराठी वर्गात गप्प बसले, की आपण ‘बुजरा’ असा शेरा मारून मोकळे होतो. तेच पोर रानात मोहफुले वेचताना बहिणीला सांभाळते, पायवाट ओळखते, धाकट्यांना दटावते. मग कुठला स्वभाव खरा? १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा बाबांचा मुलगा प्रकाश आणि सून मंदाकिनी आमटे आधी माडिया बोली शिकले. माणूस ओळखण्याची खरी सुरुवात ती.

इथे शिक्षक बसले आहेत, पालक बसले आहेत. माझी कळकळीची विनंती आहे : मूल कसे आहे हे लिहिण्याआधी ते कुठे, कोणासोबत, काय करताना तसे असते, हे पाहा. त्याच्या हाताला जमेल असे काम द्या आणि ते जमल्यावर चारचौघांत सांगा. जन्मजात वाटा आपल्या हातात नाही. उरलेला बराचसा आहे, आणि त्याची जबाबदारी मुलावर ढकलून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.