शेवटी आलेल्यांची मजुरी

(नाशिक येथे एका शुभवर्तमान-चिंतनवर्गाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



'दैनंदिन जीवनात ख्रिस्ताचे अनुसरण' असा विषय आपण मला दिला आहे. विषय इतका व्यापक आहे की त्यावर बोलताना माणूस सहज भोंगळ होतो. प्रेम, क्षमा, सेवा, त्याग असे चार थोर शब्द उच्चारले की श्रोत्यांचे समाधान होते आणि वक्त्याचीही सुटका होते. मला आज तशी सुटका नको आहे. म्हणून मी एकच दाखला घेणार आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा. आणि तो घेण्याचे खरे कारण असे की या दाखल्याने यंदा मला स्वतःला अडचणीत टाकले आहे.

दाखला आपणा सर्वांना ठाऊक आहे. एक घरधनी पहाटे मजूर लावण्यास बाहेर पडतो, एक दिनार रोज ठरवितो आणि त्यांना मळ्यात पाठवितो. मग नऊच्या सुमारास, बाराला, तीनला तो पुन्हा बाजारात जातो आणि जे योग्य ते देईन एवढ्या बोलीवर आणखी माणसे नेतो. दिवस मावळावयास तास उरलेला असताना तो पुन्हा जातो. तेव्हाही काही माणसे उभीच असतात. दिवसभर रिकामे का उभे, असे तो विचारतो. आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी कारभारी शेवटच्यांपासून आरंभ करून प्रत्येकाच्या हातावर एकेक दिनार ठेवतो, आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करू लागतात.

या दाखल्याचे आध्यात्मिक अर्थ पुष्कळ सांगितले गेले आहेत. सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमचे धर्मपीठ सांभाळणाऱ्या थोरल्या ग्रेगरीने त्या पाच प्रहरांत आदामापासूनची जगाची पाच युगे पाहिली, तशाच माणसाच्या आयुष्यातील पाच अवस्थाही पाहिल्या. या अर्थांशी माझे भांडण नाही. परंतु बाजारात उभ्या असलेल्या माणसांची युगे करून टाकली की ती माणसे दिसेनाशी होतात, हेही खरे. नाशिककरांना तर ही चूक परवडणारी नाही. द्राक्षमळा हा इतरांना पवित्र शास्त्रातला शब्द असेल. आपल्याला तो दिंडोरी आणि निफाडच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दिसतो. छाटणी आणि विरळणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन खाली येतात. काम पुष्कळदा उक्ते असते. टोळी एकराच्या भावाने बाग अंगावर घेते. आता आपणच सांगा, भाव एकरावर असेल तर टोळी कोणाला घेईल? ज्याचा हात चालतो त्याला. ज्याची दृष्टी मंदावली आहे, जिच्या काखेत तान्हे मूल आहे, जो नुकताच तापातून उठला आहे, तो नाक्यावर उरतो. उन्हे उतरेपर्यंत उभा राहणारा माणूस आळशी असता तर केव्हाच घरी जाऊन निजला असता. संध्याकाळी पाचलाही तो तेथे आहे, कारण रिकाम्या हाताने घरी जाण्याचे धैर्य त्याला होत नाही. दाखल्यातील धन्याने त्यांचे उत्तर ऐकून एकही उलटा प्रश्न विचारलेला नाही, हे मला विशेष वाटते. आणि प्राचीन हस्तलिखितांत या शेवटच्या मजुरांशी मजुरीचा शब्दही बोललेला नाही. तुम्हीही जा, एवढेच. ते गेले.

आता माझी अडचण. यंदा पावसाळ्यानंतर आमच्या घराच्या कुंपणाची पडलेली भिंत बांधून घेण्याचे काम चालले होते. एक मिस्त्री, एक गडी आणि एक बिगारी बाई. तिसऱ्या दिवशी ती बाई बारा वाजून गेल्यावर आली. मूल दवाखान्यात होते, असे तिने सांगितले. संध्याकाळी मी तिला अर्धा रोज दिला. तिने नोटा मोजल्या, पदरात बांधल्या आणि ती निघून गेली. ती काही बोलली नाही, आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. हिशेब चोख होता. त्याच रात्री आमच्या गुरुवारच्या वर्गात वाचावयाचा उतारा हा निघाला. उतारा वाचण्याची पाळी माझी होती. तीस-बत्तीस वर्षे शाळेत शिकविले आहे, मोठ्याने वाचताना आवाज अडण्याची सवय मला नाही. त्या रात्री तो अडला. वर्गातील एका वृद्ध भगिनीने कारण विचारले. मी सांगितले. त्या उपदेशपर काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मग अर्ध्या रोजात तिने दवाखान्याचे पाहिले असेल की चुलीचे?"

या प्रश्नातच दिनाराचा अर्थ आहे. दिनार म्हणजे मजुराच्या घरची एका दिवसाची भाकर. ज्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो तीही मत्तयानेच नोंदली आहे, आणि भाकरीचे अर्धे दिवस नसतात. मजुरी संध्याकाळीच का वाटली, याचेही कारण मोशेच्या नियमशास्त्रात आहे. गरीब मजुराचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो, अशी आज्ञा अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. लेवीय ग्रंथातही ते रात्रभर ठेवून घेऊ नये असे सांगितले आहे. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडकविलेली मजुरीच आक्रोश करते. आपल्यापैकी किती घरांत 'सुटे नाहीत, उद्या ये' हे वाक्य बोलले जाते? ते उच्चारताना आपण एका आज्ञेचा भंग करीत आहोत असे आपणांस वाटत नाही. चोरी आणि व्यभिचार यांच्याविषयी आपण दक्ष असतो. सुट्या पैशांविषयी नसतो.

कुरकुर करणाऱ्यांकडे वळू. त्यांना कमी मिळालेले नाही. ठरलेला दिनार त्यांच्या हातात आहे. त्यांची तक्रार नीट वाचावी: या शेवटच्यांना तुम्ही आमच्या बरोबरीचे केलेत. बरोबरी हे त्यांचे दुःख आहे. या दाखल्याच्या अगोदर, एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी, पेत्र विचारतो की आम्ही सर्व सोडून आलो, आम्हांला काय मिळणार? आणि दाखल्यानंतर थोड्याच ओळींनी जब्दीच्या मुलांची आई आपल्या दोघांसाठी राज्यातील उजवी-डावी आसने मागते. म्हणजे मागेपुढे दोन्हीकडे शिष्यच उभे आहेत, आणि मधला दाखला त्यांनाच सांगितलेला आहे. कोणी कोणाच्या पंगतीला बसावे यावर जेथे शतकानुशतके पहारा होता, त्या आपल्या समाजाला हे दुःख समजावून सांगावे लागू नये. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांतही तो पहारा पुरता उठला आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

तरीही मी पहाटेच्या मजुरांची थट्टा करणार नाही. दिवसभराचा भार आणि ऊन त्यांनी सोसले, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. आमच्या वर्गात एक गृहस्थ आहेत, त्यांनी उमेदीची वर्षे रस्त्याच्या कामावर खडी फोडण्यात घालविली. ते त्या रात्री स्पष्ट म्हणाले की हा दाखला मला कधीच न्याय्य वाटलेला नाही. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आपल्या पुष्कळशा 'आमेन'पेक्षा मोलाचा वाटतो.

आणखी एक वाक्य समाजवादी विचारांच्या माणसाला घशात अडकल्यावाचून राहत नाही. धनी विचारतो, जे माझे आहे त्याचे मी मला वाटेल तसे करू नये काय? एरवी हेच वाक्य गिरणीमालकाच्या किंवा जमीनदाराच्या तोंडी आले असते तर आपण मोर्चा काढला असता! मी बरेच दिवस या वाक्यापाशी थांबलो आहे. नियमशास्त्रात, लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात, जमीन परमेश्वराची, तुम्ही तीवर परके आणि उपरे, असे ठरवून टाकले आहे. 'माझे' म्हणण्याचा अधिकार दाखल्यात एकालाच आहे, आणि तो अधिकार तो कोणाचे पोट मारण्यासाठी वापरत नाही. त्याचे वाक्य उचलून आपण आपल्या तिजोरीवर चिकटविणे म्हणजे कारभाऱ्याने धन्याचा अंगरखा घालून फिरणे होय. अर्थात, कारभाऱ्यांना हा मोह नेहमीच होत आला आहे.

या दाखल्याने चर्चच्या भिंतीबाहेर जो प्रवास केला तो आपण विसरू नये. इंग्लंडमध्ये १८६० साली जॉन रस्किनने अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले. ज्या मासिकात ते येत होते त्याच्या वाचकांनी इतका गहजब केला की लेखमाला चौथ्या निबंधावर थांबवावी लागली. १८६२ मध्ये त्यांचे पुस्तक झाले, आणि त्याचे 'अन्टु धिस लास्ट' हे नाव याच दाखल्यातून घेतलेले आहे. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत गांधीजींनी ते वाचले. पोलक यांनी ते त्यांच्या हाती दिले होते. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, कारण दोघांनाही कामातून उपजीविका करण्याचा हक्क सारखाच, हे त्यांनी त्यातून घेतले. पुढे चार वर्षांनी त्यांनी त्या पुस्तकाचा गुजराती सारांश लिहिला व त्याला 'सर्वोदय' हे नाव दिले. पण त्याहून मला मोठी वाटते ती फिनिक्सची गोष्ट. छापखाना त्या शेतावर हलविला गेला तेव्हा वर्ण किंवा देश न पाहता प्रत्येकाला दरमहा तीन पौंड, असा नियम ठरला. शुभवर्तमानातील एक दिनार तेथे जमाखर्चाच्या वहीत उतरला! रस्किनच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नोंदवावी लागेल. मजुरीचा दर सर्वांना एकच असावा असे तो म्हणतो, पण चांगल्या कारागिराला काम मिळावे आणि वाईटाला मिळू नये, असेही म्हणतो. म्हणजे शेवटचा माणूस नाक्यावरच राहिला. प्रस्तावनेत बेकारांना सरकारने काम द्यावे असे सांगून त्याने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली आहे, हेही सांगितले पाहिजे.

महाराष्ट्राने ती मागणी कायद्यात आणली. १९७२च्या दुष्काळात गावोगाव निघालेली कामे आणि वि. स. पागे यांचा ध्यास यांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आम्हांला कोणी कामावर घेतले नाही, या वाक्याला एका राज्याने दिलेले ते उत्तर होते. केंद्राचा कायदा २००५ साली, म्हणजे पुष्कळ उशिरा आला. परंतु हमीच्या कामावर मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर ठरे. म्हातारीच्या घमेल्यात माती कमी, म्हणून भाकरही कमी. काम मागण्याचा हक्क आला. पूर्ण दिनार आला नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मापावाचून कसा ठेवावा, हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या भिंतीच्या कामावर मीही मापच लावले होते.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली नाही; मिस्त्रीने दुसरी आणली. उरलेला अर्धा रोज तिला पोहोचवा म्हणून मी त्याच्याकडे पैसे दिले. तो हसला. "सर, असे केलेत तर उद्या सगळेच दुपारी येतील." पैसे त्याने घेतले, ते तिला मिळाले की नाही, मला कळलेले नाही. त्याच्या त्या वाक्यावर आमच्या वर्गात तीन गुरुवार चर्चा झाली आहे. सात घरांनी एवढे ठरविले आहे की मजुरी त्याच संध्याकाळी द्यावयाची, सुटे पैसे सकाळीच आणून ठेवावयाचे, आणि आजारपणामुळे उशीर झालेल्याचा रोज कापावयाचा नाही. खडी फोडलेले ते गृहस्थ यात सामील झालेले नाहीत. पहाटे येणाऱ्याला काहीतरी अधिक द्या, मग मी येतो, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्याचा निर्णय व्हावयाचा आहे. येत्या गुरुवारी जब्दीच्या मुलांच्या आईचा उतारा वाचावयाचा आहे. ज्यांच्या घरी सध्या काम चालू असेल त्यांनी येताना आपल्या मिस्त्रीला बरोबर आणावे, अशी माझी विनंती आहे.