तांब्याचा काठ



आजचा माझा विषय खरे म्हणजे डोळ्यांचा आहे आणि आपली गाठ पडते आहे ती कानांवाटे. तेव्हा सुरुवातीलाच एक विनंती करतो. घरात हाताशी एखादा पाण्याचा तांब्या असेल तर तो जवळ आणून ठेवा. थोड्या वेळाने आपल्याला त्याची गरज लागणार आहे. शाळेच्या खोलीत बसून ऐकणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी मुलांच्या पाण्याचा डबा घेतला तरी चालेल.

मी आयुष्यभर खेड्यातल्या शाळांत चित्रकला शिकवली. पोरांच्या भाषेत 'ड्रॉईंगचे सर'. पण आज मास्तर म्हणून बोलत नाही. १९७९ सालच्या जून महिन्यात एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी घेऊन चित्रकला महाविद्यालयाच्या दारात उभ्या राहिलेल्या सतरा वर्षांच्या पोराविषयी बोलणार आहे.

आमचे गाव बालाघाटच्या डोंगराच्या कडेचे, कोरडवाहू. शाळेला चित्रकलेचे शिक्षक नव्हते. तो तास गणिताकडे जायचा. मी शिकलो ते कॅलेंडरांवरून. कॅलेंडरावरच्या लक्ष्मीवर पेन्सिलीने चौकटी पाडायच्या, तितक्याच चौकटी मोठ्या कागदावर पाडायच्या आणि एकेक घर भरत जायचे. अशा पद्धतीने मी गावातल्या निम्म्या घरांना लक्ष्मी पुरवली. पोळ्याला बैलांच्या अंगावर ठिपके आणि वेलबुट्टी काढायला मला बोलावणे यायचे. गावात मला 'पेंटर' म्हणत. नात्यातल्या एका जाणत्या माणसाने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितले की याला कॉलेजात घाला, पोरगा नाव काढील. आबांनी दुभती म्हैस विकली. फक्त एवढेच म्हणाले, "एक साल बघू. न्हाई जमलं तर औत हायेच."

म्हैस विकल्याचे दुःख आईला होते. घरातला चहा त्या दिवसापासून काळा झाला. हे मी शहरात जाताना बरोबर घेऊन गेलो.

पहिल्याच दिवशी वर्गात एका टेबलावर एक वीट, एक पितळी तांब्या आणि मागे एक पांढरे कापड मांडलेले होते. सभोवार लाकडी घोडे होते. पुढे उभ्या फळीला बोर्ड टेकवायचा आणि घोड्यावर बसल्यासारखे बसायचे, अशी ती बैठक. मुले तिला 'डाँकी' म्हणत. सर म्हणाले, "समोर आहे ते काढा," आणि निघून गेले. मी मनात हसलो. वीट काय काढायची! तासाभरात माझे चित्र पुरे. तांब्याला गोल गुळगुळीत छाया, वर चकाकी, सगळे कॅलेंडरासारखे.

सर परत आले. माझ्यामागे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हा तांब्या कुठला?"

"समोरचा, सर."

"नाही. हा तुझ्या घरचा आहे. तू याच्याकडे एकदाही पाहिलेले नाहीस."

आता आपला तांब्या घ्या. तो जमिनीवर ठेवा आणि अगदी वर उभे राहून खाली पाहा. त्याचा काठ जवळजवळ पूर्ण गोल दिसेल. आता दोन पावले मागे सरा. गोल चपटा झाला, अंड्यासारखा लांबट. तांब्या उचलून हळूहळू डोळ्यांसमोर आणा. काठ आणखी चपटा होत होत बरोबर डोळ्यांच्या पातळीवर त्याची एक सरळ रेघ होईल. त्याहून वर न्या. आता आतले पाणी दिसणार नाही आणि काठाची पुढची कड कमानीसारखी वर वळलेली दिसेल. तांब्या तोच आणि काठही तोच.

आता बुडाचे पाहा. तांब्या टेबलावर आहे, काठ तुमच्या डोळ्यांच्या थोडा खाली आहे आणि बूड त्याहून खाली. म्हणजे बुडाची वळणरेषा काठाच्या वळणापेक्षा जास्त गोलाईची असली पाहिजे. पण शंभरातली बहुतेक मुले काठ गोल काढतात आणि बुडाला पट्टी लावून सरळ रेघ मारतात. का? तर तांब्या टेबलावर सपाट बसतो हे त्यांना ठाऊक असते. डोळा काही सांगतो आणि हात ठाऊक असलेले काढतो. माझ्या त्या पहिल्या चित्रात बुडाला सरळ रेघ होती. विटेच्या तर मी चार बाजू दाखवल्या होत्या. एका जागी बसून विटेच्या तीनच बाजू दिसू शकतात, हे मला सतराव्या वर्षापर्यंत कळले नव्हते, आणि घर तर मातीविटांचे.

सरांनी हात लांब सरळ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायला शिकवले. तांब्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते? विटेची कड कापडाच्या घडीशी किती तिरकी जाते? सुताराचे काम वाटावे असे. महिनाभर वीट, तांब्या, डबा, पुन्हा वीट. मला लक्ष्मी येत होती, आणि वीट येत नव्हती.

दुसऱ्या एका शिक्षकांना मी मोठ्या आशेने ट्रंकेतली माझी चित्रे दाखवली. त्यांनी ती वर्गाला वर करून दाखवली आणि म्हणाले, "हे बघा, पानपट्टीच्या दुकानाचे मालक आले." वर्ग हसला. त्यांचा विनोदाचा स्वभाव होता, मनात काही नसेल. पण मी चार दिवस खोलीवरून हललो नाही. परत येतो म्हणून घरी कार्ड लिहिले. ते पेटीत टाकायला निघालो आणि टाकले नाही. त्यात धैर्य काही नव्हते. म्हैस विकून झाली होती, आणि परत जाऊन सांगायचे काय, तर वीट आली नाही म्हणून?

त्या काळच्या खर्चाचेही सांगतो, कारण खेड्यातल्या पालकांना हा प्रश्न पडतो. कार्ट्रिज कागद, दोन बी, चार बी, सहा बी पेन्सिली, पोस्टर रंगांच्या बाटल्या, गोल आणि चपटे ब्रश. गाठीच्या पैशांना ते भारी होते. कोळशाच्या कांड्या विकत मिळत, पण मोडत फार. मग मी गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर तुराट्या मागवल्या. सारख्या मापाचे तुकडे करून पत्र्याच्या डब्यात गच्च भरले, झाकण ओल्या मातीने लिंपले आणि वाफ निघायला एक बारीक भोक ठेवून खाणावळीच्या चुलीत डबा घातला. हवा मिळाली नाही की काडी जळून राख होत नाही, तिचा कोळसा होतो. दोन डबे फुकट गेले, तिसरा साधला. पुढे वर्गातली शहरी मुले माझ्याकडे तुराटीचा कोळसा मागू लागली. त्या वर्षातली माझी पहिली प्रतिष्ठा ती. खोडायला रबर चालत नाही. शिळ्या पावाचा आतला मऊ भाग मळून त्याने कोळसा टिपायचा. भूक लागलेल्या पोराच्या हातात रोज पाव द्यायचा आणि त्याने कागद पुसायला सांगायचे, ही शिक्षणपद्धती जरा कठोरच.

कोळशाने सरांनी ते मागचे पांढरे कापड काढायला लावले. मी म्हटले, पांढऱ्यात काढायचे काय? मग आठ दिवस त्या कापडासमोर बसलो. त्याच्या घड्यांत किती करडे रंग! जिथे उजेड सरळ पडतो तेवढेच पांढरे. विटेजवळच्या घडीत तर विटेचा तांबूसपणा उतरलेला. सावली काळी नसते, जवळच्या वस्तूचा रंग ती उसना घेते. एवढे समजायला आठवडा लागला. नंतर रस्त्याने जाताना मी लोकांची धोतरे पाहत चालायचो.

रोज दहा रेखाटने आणायची असा नियम होता. मी एस. टी. स्टँडवर जायचो. माणूस एका जागी बसेल तर तो एस. टी.ची वाट पाहतानाच. पण नेमके डोके काढून झाले की गाडी लागते आणि धड निघून जाते. माझ्या वहीत अशी बिनधडाची पुष्कळ मंडळी आहेत. एका म्हातारबुवांनी विचारले, "पोलीस खात्यातला का रं तू?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग माझं कशाला लिहून घेतूस?" त्यांना वही दाखवली. त्यांनी ती उलटी धरली, सुलटी धरली, आणि मग पागोटे नीट बांधून पुन्हा बसले.

हिवाळ्यात आमची सहल अजिंठ्याला गेली. तेथल्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे कोरलेली आहेत आणि त्या चौघांना मिळून डोके एकच आहे. ज्या हरणाकडे पाहावे त्याचेच ते वाटते. मी दुपारभर तिथेच होतो. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली. तेथले ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करवीत. अनेक वर्षे हे काम चालले. पुढे लंडनमध्ये आग लागून त्यांतल्या बऱ्याच नकला जळाल्या. ज्या विद्यार्थ्यांनी अंधाऱ्या लेण्यात बसून त्या केल्या, त्यांची नावे फारशी कोणी घेत नाही. मला त्यांचा हेवा वाटला. कॅलेंडराची नकल मीही करीत होतो. पण ते चित्रापुढे बसून एकेक रेघ शोधत होते, आणि मी चौकटी भरत होतो.

अजिंठ्याच्या नादात दिवाळीचे राहिलेच, ते आधी घडलेले. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आबांनी विचारले, "काय शिकलास?" वीट शिकलो, असे सांगायची लाज वाटली. मी गोठ्यापुढे बसलो आणि आमची देवणी जोडी काढून दाखवली. पांढऱ्या अंगावरचे काळे पट्टे, शिंगे, डोळे, सगळे आले, असे मला वाटले. आबांनी कागद हातात घेतला. बाजारात बैल पाहावा तसा, दातापासून खुरापर्यंत पाहिला.

"ह्यो बैल आऊताला चालायचा न्हाई."

"का?"

"जू कुठं ठिवायचं ह्याच्यावर?"

मी पाहिले. वशिंड मी इतके पुढे, शिंगांच्या जवळ घेतले होते की मानेला जागाच उरली नव्हती. आणि मागच्या पायाचा मधला सांधा माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे वळवला होता. "असला पाय आसंल तर बसंल कसा त्यो?" आबा म्हणाले. मग मला उठवून गोठ्यात नेले आणि बैलाच्या पायावर हात फिरवून सांधा कुठे मागे वळतो, वजन कुठून उतरते, चिखलात खूर कसा फाकतो, ते दाखवत राहिले. आबांना अक्षरओळख नव्हती. सर ज्याला निरीक्षण म्हणत, ते हा माणूस तीस वर्षे बाजारात करीत होता, आणि मी त्याला कॅलेंडरे दाखवत होतो.

वार्षिक परीक्षेत स्मरणचित्राला विषय आला 'बैलबाजार'. स्मरणचित्र म्हणजे समोर काही नसताना, आठवणीतून काढायचे. शिक्षकबंधूंना एक तक्रार सांगून टाकतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना हल्ली पुष्कळ मुले बसतात, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. ठीक आहे. पण 'स्मरणचित्रा'साठी पतंग उडवणारी तीच तीन मुले वर्षभर घोटून घेतली जातात, विषय भाजीबाजाराचा असो की पावसाचा. त्याला पाठांतरचित्र म्हणावे. मुलांना एकदा खरोखरच बाजारात न्यावे, वही न देता, आणि दुसऱ्या दिवशी काढायला लावावे. मी हे करीत असे. एका मुलीने मिरच्या विकणाऱ्या आजीचा फक्त तराजू काढला होता, एक पारडे खाली गेलेले. तिला मी पैकीच्या पैकी दिले.

तर मी बैलबाजार काढला. आबा एका खोंडाचा ओठ उचलून दात मोजताहेत, दोनदाती की चारदाती, आणि विकणारा तोंड फिरवून दुसरीकडेच बघतो आहे. विकणाऱ्याची मान मला म्हातारबुवांच्या पागोट्याखाली सापडली.

निकालात संकल्पचित्राला जेमतेम गुण पडले, अक्षरलेखनाला बरे, वस्तुचित्राला चांगले. दुसऱ्या वर्गात पास. पुढे मी चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि नोकरीला लागलो, ती निराळी हकीकत. म्हैस परत यायला मात्र आणखी तीन वर्षे लागली.

निकाल घेऊन मे महिन्यात घरी आलो तेव्हा आबांनी मार्कांचा कागद पाहिला नाही. मी गोठ्यापुढे बसून देवणी जोडी पुन्हा काढली, तुराटीच्या कोळशाने. आबा आले, कागदावर वाकले, आणि शिंग ते वशिंड या अंतरावर त्यांनी आपली चार बोटे आडवी ठेवली, जू ठेवताना मानेवर ठेवत तशी. थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"आता बसंल," म्हणाले, आणि वैरण टाकायला गेले.

कोळसा पक्का करायचे औषध माझ्याजवळ नव्हते, त्यामुळे मानेवर चार बोटांचे पुसट डाग उमटले. तो कागद माझ्याकडे आहे. पिवळा पडला आहे, पण डाग मी पुसलेले नाहीत.