गव्हाविना शेवया, आपल्याच सोऱ्यातून

डॉक्टरांनी पोराला सीलिअ‍ॅक सांगितला, गहू जन्मभर बंद. शेजारची मुलं पास्ता खातात, हा बघत बसतो. गव्हाशिवायच्या पास्त्याचं पाकीट आणायचं, तर तेवढ्यात घरचा कितीतरी किलो तांदूळ येईल. अशा घराचा खर्च कसा वाचवायचा, ते आज बोलूया.

कणकेला ताण येतो तो ग्लूटेनमुळे. गहू, जव आणि राय या धान्यांत ते असतं. रवा, मैदा, दलिया म्हणजे गहूच. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका यांत ते नसतं. पण एक सांगतो, नुसत्या संशयावरून मुलाचा गहू तोडू नका. आधी रक्ताची तपासणी करा. गहू सोडल्यावर तपासलं तर आजार असूनही सापडेलच असं नाही.

आता पास्ता म्हणजे तरी काय? गव्हाच्या शेवयांचाच भाऊ. कोकणात तांदळाचे शिरवाळे करतात, तेच आपण करू. दोन वाट्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळी आणा. दोन वाट्या तांदळाचं पीठ घालून ढवळा, झाकण ठेवून वाफ काढा. पाण्याचा हात लावून गरम असतानाच मळा. सोऱ्यात मावतील असे मुटके करा, उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले की आणखी थोडा वेळ शिजू द्या आणि गरमच दाबा. गार झाले की दाबताना दंड भरून येतात, म्हणून दोघी लागतात. तांदळात ग्लूटेन नाही. दोनदा शिजल्यामुळेच शेवई तुटत नाही.

पीठ मात्र गिरणीतून आणू नका. तिथे आधी गहू दळलेला असतो आणि या मुलाला तेवढाही बाधतो. तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरवर दळा. मिक्सरचं भांडं आधी स्वच्छ धुवा. चाळण आणि सोऱ्या वेगळा ठेवा, कारण जाळीच्या भोकात जुनी कणीक अडकून राहते. बाजारातल्या नाचणीच्या शेवया बघून हुरळू नका. त्यात बरेचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. पाकिटामागची बारीक अक्षरं शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या.

वाढायचं कसं? टोमॅटो, लसूण, कांदा परतून रस्सा करा, त्यात वाटाणे किंवा शेवग्याचा पाला घाला, वर शेवया. मुलांना हाच पास्ता वाटतो. नाहीतर मोहरी, मिरची, कढीपत्त्याची फोडणी आणि वर शेंगदाण्याचा कूट. फोडणीत बांधणीचा हिंग नको, त्यात मैदा मिसळलेला असतो, लसूण पुरे. सणाला नारळाचं दूध आणि गूळ.

आमचं मत असं, की त्या दिवशी सगळ्या घरानं याच शेवया खाव्यात. पातेलं एक, इंधन एक, आणि चुकून गव्हाचा डाव पडायची भीती नाही. विकतचं पाकीट आणलंच, तर ते फक्त त्या मुलापुरतं शिजवा. पाणी भरपूर घ्या, पहिली दोन मिनिटं ढवळा. जरा कणी राहिली की लगेच उतरवा, नाहीतर लगदा होतो. आणि गरमच वाढा, गार झाला की तो चामट लागतो.