चार तासांचे इस्तंबूल



युरोप-अमेरिकेला लेकीसुनांकडे निघालेल्या पुष्कळ मंडळींच्या तिकिटावर हल्ली इस्तंबूल असते, तेही विमान बदलण्यापुरते. थांबा आठ तासांचा. विमानतळ शहरापासून लांब, काळ्या समुद्राच्या बाजूला. जाण्यायेण्यात आणि तपासणीच्या रांगांत निम्मा वेळ गेला की हातात चार तास उरतात. त्यात हागिया सोफिया, निळी मशीद, तोपकापी राजवाडा, बाजार आणि बॉस्फरसची फेरी असे सगळे उरकायचा बेत असतो. आजच्या व्याख्यानाचा आग्रह वेगळा आहे. चार तासवाल्याने या शहराच्या पाण्याचा माग काढावा. (हशा) हसण्यासारखे काही नाही. हे शहर तहानेने घडवले आहे.

उस्मानी तुर्कांचा १४५३ चा वेढा, खाडीच्या तोंडावरची साखळी, टेकडीवरून ओढत नेलेली गलबते हे इथे सर्वांना पाठ आहे, ते सोडू. नकाशा मात्र डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला मार्मारा समुद्र, दुसरीकडे बॉस्फरस, तिसरीकडे गोल्डन हॉर्नची खाडी. तिन्ही बाजूंनी पाणी आणि तिन्ही पाणी खारट! गावात गोड्या पाण्याचा ओढा नावापुरता. म्हणून चौथ्या शतकात, व्हॅलेन्स सम्राटाच्या काळात, थ्रेसच्या डोंगरांतून दगडी पाटाने पाणी आणले गेले. ६२६ च्या वेढ्यात आवार टोळ्यांनी हा पाट तोडला. तो पुन्हा वाहता झाला ७६६ मध्ये, तेही दुष्काळ पडल्यावर. मधली १४० वर्षे विहिरी आणि हौद यांच्यावर निघाली.

दुसऱ्या रांगेतून कुणी तरी ‘कात्रज!’ म्हणाले. बरोबर. पेशवाईत कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत नळ आणणाऱ्या गावाला ही गोष्ट फोड करून सांगायला नको. (टाळ्या)

आता ते हौद. सुलतानअहमत चौकात ट्राममधून उतरले की हागिया सोफियापासून चार पावलांवर एक बुटकी इमारत दिसते. आत जिना खाली जातो. हा येरेबातान, सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाने बांधलेला जमिनीखालचा हौद. सुमारे १३८ मीटर लांब, ६५ मीटर रुंद. प्रत्येकी २८ खांबांच्या १२ ओळी, म्हणजे ३३६ खांब, एकेक नऊ मीटर उंच. खांब जुन्या इमारतींतून आणलेले, म्हणून एकाचा माथा नक्षीदार तर शेजारच्याचा साधा. टोकाला दोन खांबांच्या तळाशी मेदुसाची दगडी मुंडकी बसवली आहेत, एक आडवे, एक उलटे. गर्दी तिथे छायाचित्रांसाठी खोळंबते. प्रवाशाने तिथे फार रेंगाळू नये. छताकडे पाहावे, विटांच्या कमानी एकीला एक धरून अंधारात कुठवर जातात ते पाहावे.

एवढा मोठा हौद लोक विसरले होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उस्मानी राजवटीत वाहत्या पाण्याला मान होता, साचलेल्याला नव्हता. हौद मागे पडले. १५४४ च्या सुमारास पिएर जील नावाचा फ्रेंच विद्वान फ्रान्सच्या राजासाठी जुन्या पोथ्या गोळा करायला इथे आला. ज्यांच्या घराखाली हौद होता ते रोज विहिरीत बादली सोडून पाणी काढत, पण खाली काय आहे याचा त्यांनाही पत्ता नव्हता. योगायोगाने जील एका घरात शिरला. तिथून खाली उतरायला वाट होती. घरमालकाने मशाली पेटवल्या, छोट्या होडीत त्याला बसवले आणि खांबांमधून फिरवून आणले. मालकाचे सारे लक्ष मात्र माशांवर! मशालीच्या उजेडात तो भाल्याने मासे टिपत होता आणि पाहुणा खांब मोजत होता. ३३६ हा आकडा त्याने तेव्हाच लिहून ठेवला. पुढे पैसे संपले म्हणून याच विद्वानाने सुलतान सुलेमानच्या फौजेत नाव नोंदवले. त्याचे पुस्तक छापून आले १५६१ मध्ये, तो वारल्यावर.

चिठ्ठी आली आहे: ‘हागिया सोफिया न पाहता परत यायचे?’ कुणीही तसे म्हटलेले नाही. ती वास्तू ५३७ पासून उभी आहे आणि बाहेरून पाहूनही मान लवते. पण जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकाला तिकीट काढून वरच्या सज्जात जावे लागते, आणि त्या रांगेत चारातला एक तास सहज जाईल. ज्याचा जीव तिथे अडकला आहे त्याने जरूर जावे. मग बाजार सोडावा, हौद सोडू नये.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे. सिनान या थोर स्थपतीसाठी अर्धा तास राखला होता, तो मासेवाल्याने खाल्ला. (हशा) तेव्हा एवढेच: सिनानच्या मशिदींची नावे सगळे घेतात, पण १५५४ ते १५६३ या काळात शहराबाहेरच्या बेलग्रेड नावाच्या जंगलातून शहरात पाणी आणणारी किर्कचेश्मे योजनाही त्याचीच. १५६३ च्या पुराने तिची मोडतोड केली, ती त्याने पुन्हा उभी केली. मशिदीइतकेच श्रेय या पाण्याला द्यायला हवे.

शेवटी वाट. हौदातून वर आल्यावर तोपकापीच्या दाराशी तिसऱ्या अहमद सुलतानाचे १७२८ चे पाणपोईघर पाहा. चारही बाजूंना तोट्या. कोपऱ्यांवरच्या जाळीआडून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट पाण्याचा पेला मिळे. वेळ उरला तर वेझ्नेजिलेर मेट्रो स्थानकापर्यंत जावे. तिथून चालत गेले की व्हॅलेन्सच्या कमानी लागतात आणि त्यांच्या पोटातून अतातुर्क रस्त्याची वाहने धावतात. विमानतळावर परतायला मात्र दीड तास हाताशी ठेवावा.