हिरव्या पाण्याची राखण
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत एक हिरवी भुकटी येऊन बसली आहे. स्पिरुलिना तिचे नाव. कुणी ती सकाळी दुधातून घेतो, कुणी गोळ्यांच्या बाटल्या सामानात घालून नागपूरला, अकोल्याला आईवडिलांसाठी नेतो. हे शैवाल पिकवताना त्याच्या प्रकृतीवर लक्ष कसे ठेवतात, हे सांगण्याची आज्ञा मला झाली. माझी उपजीविकाच या कामावर चालत असल्याने ती मी आनंदाने स्वीकारली.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे शैवाल अगदीच परके नाही. त्या अल्कधर्मी पाण्याचा जो हिरवा रंग आपण पाहत आलो, त्यात याच जातीच्या सूक्ष्म तंतूंचा मोठा वाटा आहे. (२०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झाले, तो प्रताप मात्र खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या दुसऱ्याच सूक्ष्मजीवांचा होता.) आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरात स्त्रिया हेच शैवाल गाळून, उन्हात वाळवून त्याच्या वड्या करतात. त्याला तिकडे 'दिहे' म्हणतात.

शेतीत हे पीक घेतात ते उथळ, लांबट तळ्यांत. पाण्याची खोली जेमतेम वीतभर, आणि पाते फिरवून ते सतत वाहते ठेवलेले. शाळेत आपण 'सामू' शिकलो होतो. या पाण्याचा सामू साधारण साडेनऊ ते साडेदहा राखावा लागतो. एवढ्या खारवट पाण्यात इतर जीव फारसे तग धरत नाहीत. म्हणजे हा सामू हीच पिकाची तटबंदी. तो उतरू लागला की साधी गोल हिरवी शैवाले आत शिरतात, आणि नुसत्या डोळ्यांना पाणी मात्र पूर्वीइतकेच हिरवे दिसते.

म्हणून आमच्या कामात रंगावर विश्वास ठेवत नाहीत. दाटी मोजण्यासाठी काठीच्या टोकाला लावलेली पांढरी चकती पाण्यात सोडतात आणि ती किती सेंटिमीटरवर दिसेनाशी होते ते टिपतात. इतके साधे साधन, पण अनुभवी हातात फार उपयोगी. त्यानंतर थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली. निरोगी तंतू मळसूत्रासारखा, सलग असतो. तुकडे दिसू लागले, की कुठेतरी बिघाड आहे. शिवाय काढणी होते ती बारीक जाळीतून गाळून. लांब तंतू जाळीवर राहतात. तुकडे आणि उपरी शैवाले निसटून पाण्याबरोबर पुन्हा तळ्यात जातात. म्हणजे आपली काढणीच नकळत तणाला जपत असते! रोज न पाहणाऱ्याला हे महिन्याभराने कळते, तोवर तळे रिकामे करण्याची वेळ आलेली असते.

गाळून आलेल्या पाण्याचा रंगही पुष्कळ बोलतो. या शैवालात फायकोसायनिन नावाचे निळे द्रव्य असते. पाण्याला निळसर झाक आली, तर पेशी फुटत आहेत असे समजावे. उलट, पीकच पिवळट पडले तर नत्राची उपासमार. कारण नत्र कमी पडला की शैवाल आधी हे निळे द्रव्यच मोडून खाते.

सर्वांत फसवी वेळ सकाळची. वाळवंटी मुलखात पहाटे पाणी गार असते आणि ऊन मात्र लगेच प्रखर होते. थंडावलेल्या पेशींना तो प्रकाश पेलत नाही. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच दुखावते. दुपारी विरघळलेला प्राणवायू संपृक्ततेच्या कितीतरी वर जातो, तोही बाधक. म्हणून प्राणवायूची नोंद दिवसातून अनेकदा घेतात. सकाळी तो नेहमीच्या वेगाने चढला नाही, तर पीक आजारी आहे हे डोळ्यांना दिसण्याआधीच कळते.

आता आपल्या स्वयंपाकघराशी संबंध येतो तो भाग. ओरेगॉन राज्यातील अप्पर क्लॅमथ सरोवरातून एक वेगळे नील-हरित शैवाल काढून विकले जाते. ते पेरलेले नाही. सरोवरात आपोआप वाढते. १९९६ मध्ये तेथे मायक्रोसिस्टिस हे विषारी शैवाल फोफावले. पुढे त्या राज्याने यकृताला घातक असलेल्या मायक्रोसिस्टिनची मर्यादा भुकटीच्या दर ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ८७ नमुन्यांपैकी ८५ मध्ये हे विष आढळले, आणि ६३ नमुने मर्यादेच्या वर होते. या गोळ्या 'नैसर्गिक' म्हणूनच विकल्या जात होत्या. लहान मुलाचे वजन कमी, म्हणून तेवढ्याच मात्रेचा भार त्याच्यावर अधिक, हे मातांनी विशेष ध्यानात घ्यावे.

राखलेल्या तळ्यालाही तपासणी चुकत नाही. खतांतून शिसे, आर्सेनिक येऊ शकते. ओला गाळ वाळवायला उशीर झाला तर जंतू वाढतात.

आणखी एक. मांसाहार न करणारी आपली काही कुटुंबे बी-१२ जीवनसत्त्वासाठी या गोळ्यांवर विसंबतात. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की स्पिरुलिनाच्या गोळ्यांतील बी-१२ चा बहुतांश भाग आपल्या शरीराला निरुपयोगी अशा रूपात असतो. त्यासाठी वैद्यांच्या सल्ल्याने वेगळी गोळी घ्यावी.

बाटली घेताना दोन प्रश्न कंपनीला पत्राने जरूर विचारा. हे शैवाल तळ्यात पिकवलेले की सरोवरातून काढलेले? आणि या घाण्याच्या मायक्रोसिस्टिन व जड धातूंच्या तपासणीचा दाखला मिळेल काय? दाखला देणारे उत्पादक आहेत. टाळाटाळ करणारेही आहेत.

भोजनानंतर मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून ठेवतो. एक काच निरोगी तळ्याची आहे, दुसरी तण शिरलेल्या तळ्याची. मुलांना आधी दाखवा. कोणती कोणती ते त्यांनाच ओळखू द्या.