केलं आहे, केलं होतं, केलं असतं : स्पॅनिश शिकणाऱ्या लेकीला आईची मदत

निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी, जिथे कुठे बसून तुम्ही ऐकत असाल, तिथल्या सगळ्या गटांना माझा नमस्कार.

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आपल्या कामाचं नाही. विषय आहे स्पॅनिश भाषेतले अवघड काळ. पण आपल्या घराघरांतल्या मुली आता फोनवर परक्या भाषा शिकतात. स्पॅनिश ही २० देशांची राजभाषा आहे. मुली उत्साहाने सुरुवात करतात. नमस्कार, आभार, आकडे, बाजारहाट, सगळं नीट जमतं. पुढे जोडक्रियापदांचे काळ आले की वही बंद होते. विचारलं तर उत्तर येतं, "माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून मला हे जमत नाही." मराठी शाळेत शिकलेल्या मुलीच्या तोंडी हे उत्तर हमखास असतं. भरलेली फी वाया जाते, आणि मुलगी स्वतःला कमी समजू लागते ते वेगळंच.

मला आज एवढंच सांगायचं आहे की या धड्याला इंग्रजी लागत नाही. मराठी पुरते. आणि स्पॅनिशचा एक शब्दही न येणारी आई या धड्यात लेकीला मदत करू शकते.

आधी थोडी ओळख. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडे होती. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. पाव, चावी, बटाटा, बादली, घमेलं, पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. महिन्याचा पगार मोजताना त्यातला एक शब्द आपण रोजच बोलतो.

आता धडा. सुकेळी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची. त्यातलं सोलण्याचं काम घेऊ.

सुनेने केळी सोलली आहेत.
पाहुणे आले, त्याआधीच सुनेने केळी सोलली होती.
संध्याकाळपर्यंत सुनेने केळी सोलली असतील.
पाऊस आला नसता, तर सुनेने केळी सोलली असती.

काय बदललं? ‘सोलली’ जागच्या जागी आहे. बदललं फक्त शेवटचं क्रियापद : आहेत, होती, असतील, असती. स्पॅनिशमध्ये हेच घडतं. सोलणं म्हणजे ‘पेलार’, आणि सोललेलं म्हणजे ‘पेलादो’. त्याच्या पुढे ‘आबेर’ नावाचं मदतनीस क्रियापद येतं आणि तेवढंच बदलतं.

सोलली आहेत : आ पेलादो.
सोलली होती : आबिआ पेलादो.
सोलली असतील : आब्रा पेलादो.
सोलली असती : आब्रिआ पेलादो.

चार काळ झालेसुद्धा. पुस्तकात त्यांना मोठमोठी नावं आहेत. ती परीक्षेपुरती पाठ करावीत. बोलताना मनात आहे, होतं, असेल, असतं एवढं धरलं तरी चालतं.

यात एक गंमत आहे. लेक कॉलेजला गेली, घड्याळात ११ वाजले. आपण म्हणतो, "एव्हाना पोचली असेल." आपण पाहिलेलं नाही, अंदाज केला. स्पॅनिश आईसुद्धा तेच रूप वापरते : "या आब्रा येगादो." आणि सुखरूप पोचलेली असू दे, असं मनात म्हणायचं असेल तर ‘आब्रा’च्या जागी ‘आया’ येतं. अंदाज आणि काळजी यांची रूपं वेगळी ठेवायची सवय आपल्याला मराठीने लावलेली आहे.

जर-तरचं वाक्यही असंच. "पाऊस आला नसता तर सोलली असती" यात आपण दोन्हीकडे ‘असता-असती’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘जर’च्या बाजूला ‘उबिएरा’ आणि ‘तर’च्या बाजूला ‘आब्रिआ’. म्हणजे, "सि नो उबिएरा योबिदो, आब्रिआ पेलादो." ‘तर’च्या बाजूलाही ‘उबिएरा’ म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते चालतं. ‘जर’च्या बाजूला मात्र ‘आब्रिआ’ घालायचं नाही. शिष्ट स्पॅनिशमध्ये ती चूक धरतात.

आता मराठी कुठे फसवते तेही सांगते, कारण मुली अडखळतात त्या याच जागांवर.

पहिली जागा. आपण भाकरी केली, भात केला, पिठलं केलं म्हणतो. वस्तूप्रमाणे रूप बदलतं. स्पॅनिशमध्ये ‘आबेर’बरोबर ते बदलत नाही. भाकरी असो की भात, ‘एचो’च राहतं. बदलतं ते मदतनीस, आणि तेही करणाऱ्याप्रमाणे. मी केलं तर ‘ए’, तू केलंस तर ‘आस’, तिने केलं तर ‘आ’, आम्ही केलं तर ‘एमोस’, त्यांनी केलं तर ‘आन’.

दुसरी जागा. आपलं मदतनीस शेवटी येतं, त्यांचं आधी येतं. आणि त्या दोघांच्या मध्ये दुसरा शब्द शिरत नाही. नाही म्हणायचं तर ‘नो’ सगळ्यांच्या आधी : नो आ पेलादो.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी. आपण सहज म्हणतो, "काल मी निर्मळच्या यात्रेला गेले होते." नुसतं काल गेले, एवढंच सांगायचं असतं, तरी ‘होते’ लावतो. स्पॅनिशमध्ये इथे साधा भूतकाळ लागतो. ‘आबिआ’ कधी? भूतकाळातल्या एका गोष्टीच्या आधी दुसरी गोष्ट घडून गेली असेल तेव्हा. "तू घरी आलीस, तेव्हा मी यात्रेला गेले होते" इथे ते बरोबर. लेकीला विचारायचं, "कशाच्या आधी?" उत्तर देता आलं तर ‘आबिआ’. नाही आलं तर साधा भूतकाळ.

काही रूपं मात्र पाठच करायची. केलेलं एचो, सांगितलेलं दिचो, पाहिलेलं बिस्तो, ठेवलेलं पुएस्तो, लिहिलेलं एस्क्रितो, उघडलेलं आबिएर्तो, मोडलेलं रोतो, परतलेलं बुएल्तो. भिंतीवर कागद लावा, येता-जाता नजर पडते.

आता आईचं काम. संध्याकाळी भाजी निवडताना, गजरे ओवताना लेकीला मराठीत चार प्रश्न विचारा. आज तू काय काय केलं आहेस? मी आले त्याआधी काय केलं होतंस? बाबा आत्ता कुठे पोचले असतील? सकाळी बस चुकली असती तर काय केलं असतंस? उत्तर तिने आधी मराठीत आणि मग स्पॅनिशमध्ये द्यायचं. तुम्हाला स्पॅनिश कळलं नाही तरी शेवटचं मराठी क्रियापद कळतं. ‘असतं’ म्हणाली आणि पुढे ‘आब्रिआ’ किंवा ‘उबिएरा’ ऐकू आलं नाही, तर म्हणा, "पुन्हा एकदा सांग." आठवड्याला पाच वाक्यं वहीत लिहवून घ्या. गटात दोन-तीन मुली शिकत असतील तर त्यांना एकमेकींना विचारू द्या.

१७७८ साली रोममध्ये मराठीचं एक व्याकरण छापलं गेलं, पोर्तुगीज भाषेत, मिशनऱ्यांसाठी. त्या परक्या माणसांना आपलं ‘केलं होतं, केलं असतं’ आपल्या भाषेच्या आधाराने शिकायचं होतं. मग आपल्या मुलींनी त्यांचं आपल्या मराठीच्या आधाराने शिकायला काय हरकत आहे?

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं विचारा, आपल्यापैकी कुणाच्या मुलीची वही या धड्यावर बंद पडली आहे. तिला ती उघडायला सांगा, आणि पहिला प्रश्न तुम्हीच विचारा.